खटला मागे घेतला, म्हणजे नेमकं काय झालं?

सरकारी वकिलाच्या खोलीत पेपरचं कात्रण घेऊन येणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. कात्रण चार घड्यांचं, शर्टाच्या खिशात घामाने मऊ पडलेलं. मथळा ठरलेला: आंदोलकांवरील गुन्हे मागे घेणार. सांगली-कोल्हापूरकडच्या तालुका कोर्टांत मी सहायक सरकारी अभियोक्ता होते. लोक म्हणायचे सरकारी वकील मॅडम. ऊस, दूध आणि पाणी या तिन्हींसाठी आमच्याकडे रस्त्यावर उतरतात, त्यामुळे रास्ता रोकोच्या केसेस बोर्डावर कायम असायच्या.

एक साठीचे शेतकरी असेच आले होते. कात्रण छापून आल्यावर त्यांनी तारखेला यायचं बंद केलं होतं. दोन-तीन तारखा गैरहजर राहिले, कोर्टाने वॉरंट काढलं आणि पहाटे धारेच्या वेळेला हवालदार दारात उभा राहिला. “मॅडम, केस तर मागं घेतली म्हणं सरकारनं. मग ह्यो कागुद कशाचा?” त्यांचा प्रश्न रास्त होता. सरकारने जाहीर केलं ते खोटं नव्हतं आणि वॉरंटही खोटं नव्हतं. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत त्यांनी एक दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून मोजली.

हे अंतर नीट सांगावं म्हणून हा लेख लिहिते आहे.

खटला मागे घेण्याचं कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२१ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते ३६० झालं. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही ते होतं, तिथे त्याचा आकडा ४९४. म्हणजे तरतूद जुनी आहे आणि तिचा गाभा तसाच राहिला आहे. खटला चालवणारा सरकारी वकील निकाल जाहीर होण्यापूर्वी केव्हाही, न्यायालयाच्या संमतीने, खटल्यातून माघार घेऊ शकतो. या वाक्यात मुख्यमंत्री नाहीत, गृहमंत्री नाहीत, पोलीस अधीक्षकही नाहीत. अर्ज सरकारी वकिलाचा, सही त्याची, संमती न्यायाधीशाची. बाकीचे सगळे या दोघांच्या अलीकडे थांबतात.

मग मंत्र्यांच्या घोषणेला काय अर्थ? ती सुरुवात असते. महाराष्ट्रात सगळ्याच पक्षांच्या सरकारांनी राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी वेळोवेळी शासन निर्णय काढले आहेत. त्यांत दोन अटी आमच्या तोंडपाठ असत. जीवितहानी झालेली नसावी आणि खासगी व सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान पाच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावं. या अटींत केस बसते का, हे समिती प्रत्येक प्रकरण हातात घेऊन बघते, शिफारस करते. मग कागद खाली उतरत उतरत त्या त्या कोर्टातल्या सरकारी वकिलाकडे येतो. तो अर्ज देतो, कोर्ट ऐकतं, आदेश करतं. तोवर महिने जातात, कधी वर्ष जातं. २०१९ च्या डिसेंबरात नव्या सरकारने आरे कॉलनीतल्या झाडांसाठी उभ्या राहिलेल्या आंदोलकांचे आणि पाठोपाठ नाणार प्रकल्पाच्या विरोधकांचे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा बातमी एका दिवसाची होती. पण आरेमध्ये अटक झालेल्या २९ जणांपैकी कुणाचंही नाव त्या बातमीने कोर्टाच्या रजिस्टरातून कमी झालेलं नव्हतं. त्यासाठी पुढचा सगळा रस्ता चालावाच लागतो. आदेश होईपर्यंत आरोपी हा आरोपीच असतो. त्याने तारखेला हजर राहायचं असतं, नाहीतर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यायचा असतो. कात्रण कोर्टात चालत नाही.

आदेश झाल्यावर काय होतं, हेही कोणत्या टप्प्यावर झाला त्यावर ठरतं, आणि इथे वकीलसुद्धा पक्षकाराला पुरतं समजावून सांगत नाहीत. आरोप निश्चित होण्याआधी खटला मागे घेतला, तर आरोपी दोषमुक्त होतो, कोर्टाच्या भाषेत डिस्चार्ज. आरोप निश्चित झाल्यानंतर घेतला, किंवा ज्या किरकोळ खटल्यांत आरोप निश्चित करावा लागतच नाही अशांत घेतला, तर तो निर्दोष सुटतो. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. डिस्चार्जला ते संरक्षण नाही. म्हणून मी लोकांना सांगत असे, “अर्ज मंजूर झाला” एवढं ऐकून घरी जाऊ नका. आदेशाच्या शेवटच्या दोन ओळी वाचून घ्या.

पोलिसांनी तपासातच गुन्हा बंद करणं हा प्रकार निराळा. आपल्याकडे त्याला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, तेव्हा अ समरी. फिर्यादच द्वेषाने खोटी केलेली, तेव्हा ब समरी. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून केस झाली असेल तर क समरी. तीही दंडाधिकाऱ्याने मान्य करावी लागते. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द करणं वेगळं, दोन्ही बाजूंनी तडजोड करणं वेगळं. गावात या सगळ्याला सरसकट “केस मिटली” म्हणतात आणि तिथून पुढचे घोटाळे सुरू होतात.

आता मुख्य मुद्दा. सरकारने सांगितलं म्हणून सरकारी वकिलाने अर्ज द्यायचाच का?

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या रामनरेश पांडे खटल्यापासून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की सरकारी वकिलाने या अधिकाराचा वापर स्वतःच्या विचाराने करायचा आहे. सरकार सुचवू शकतं, शिफारस करू शकतं, भाग पाडू शकत नाही. न्यायाधीशाने पुराव्याचा कीस काढत बसायचं नाही. सरकारी वकिलाने खरोखर विचार केला आहे का, हेतू प्रामाणिक आहे का आणि न्यायाच्या वाटेत अडथळा तर येत नाही ना, एवढं त्याने तपासायचं. महाराष्ट्रात या स्वातंत्र्याला आणखी एक कडा आहे. आमच्या संवर्गातले आधीचे लोक पोलीस खात्याच्याच अखत्यारीत काम करत. १९९५ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अभियोक्ते पोलिसांच्या हाताखाली ठेवता येणार नाहीत, त्यांचा संवर्ग वेगळा करा. ज्याने आरोपी पकडला त्याच्याच हुकमाखाली खटला चालवणारा असेल तर तो आपलं मत काय देणार? म्हणून तो निकाल माझ्या लेखी फार मोलाचा आहे.

राजकीय कारणासाठी खटला मागे घेणं नेहमीच वाईट असतं का? मला तसं वाटत नाही. बडोदा डायनामाइट खटला आठवा. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा, महापालिका कामगारांचा हा पुढारी १९७६ च्या जूनमध्ये कलकत्त्यात पकडला गेला. सरकार उलथवण्याचा कट आणि स्फोटकं, असे आरोप. त्यांच्यासह पंचवीस जण. त्यांत मुंबईचे उद्योगपती वीरेन शहाही होते, जे पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. हातकडी घातलेला हात वर उचललेल्या जॉर्ज यांचं छायाचित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. १९७७ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली, मुझफ्फरपूरहून निवडून आले, जनता पक्षाचं सरकार आलं आणि त्याच मार्च महिन्यात खटला मागे घेण्यात आला. त्याला आव्हान दिलं गेलं. १९८० साली राजेंद्रकुमार जैन खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल लिहिला आणि माघार योग्य ठरवली. केवळ पुरावा कमी आहे म्हणून नव्हे, तर व्यापक सार्वजनिक न्यायासाठी, सामाजिक, आर्थिक, राजकीय कारणांसाठीही खटला मागे घेता येतो, हे त्यात स्पष्ट झालं. आणीबाणीसारखा काळ उलटून गेल्यावर त्या काळातल्या संघर्षाचे खटले पुढे रेटत राहून समाजाचं काय भलं होणार होतं? मला तो निकाल पटतो.

आणि नेमक्या याच कलमाचा वापर किती वाकडा होऊ शकतो हेही आपण पाहिलं आहे. ३० जुलै २००० रोजी कन्नड अभिनेते राजकुमार यांना चंदनतस्कर वीरप्पनने गाजनूरच्या घरातून पळवून नेलं. त्याच्या मागण्यांत त्याच्या साथीदारांची सुटका होती. कर्नाटक सरकारने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोप मागे घ्यायचं ठरवलं, सरकारी वकिलाने अर्ज दिला आणि म्हैसूरच्या विशेष न्यायालयाने तो मान्यही केला. राज्यात दंगे होतील अशी भीती होती, ती भीती खोटी नव्हती. पण वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नोव्हेंबरात ती परवानगी रद्द केली. सरकारी वकिलाने स्वतः विचार केल्याचं कुठे दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. राजकुमार त्याच महिन्यात सुटून आले. मी तेव्हा नोकरीत नवी होते, आणि तो निकाल वाचताना मला राहून राहून त्या वडिलांचा विचार येत होता. सगळं राज्य अभिनेत्याच्या सुटकेसाठी देव पाण्यात घालून बसलेलं असताना, आपल्या मेलेल्या मुलासाठी दिल्लीला जाऊन “हे चुकीचं आहे” म्हणायला केवढं बळ लागलं असेल.

केरळ विधानसभेचं प्रकरण त्यामानाने सरळ होतं. १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडू द्यायचा नाही म्हणून विरोधी आमदारांनी अध्यक्षांच्या आसनापर्यंत जाऊन मोडतोड केली. २ लाख २० हजार ९३ रुपयांचं नुकसान. पुढे त्यांचाच पक्ष सत्तेवर आला आणि खटला मागे घ्यायचा अर्ज झाला. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आमदारांचे विशेषाधिकार फौजदारी कायद्यातून सुटण्यासाठी नाहीत असं ठणकावून सांगितलं. पुढच्याच महिन्यात आजी-माजी खासदार-आमदारांवरचा कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचा नाही, असा आदेश आला. तो यायला हवाच होता. सत्ता आली की स्वतःच्या केसेस मागे घ्यायच्या, ही वाट बंद झाली नसती तर रास्ता रोकोतल्या शेतकऱ्याला मिळणारी सवलतही बदनाम झाली असती.

आता माझ्या टेबलावर आलेली एक केस सांगते. नावं आणि गाव सोडून देते.

ऊसदराचं आंदोलन. राज्यमार्गावर तिठ्यावर टायर पेटवलेले, शंभर-दीडशे माणसं. दोषारोपपत्रात बावीस जण. कलमं नेहमीची: बेकायदेशीर जमाव, रस्ता अडवणं, नुकसान, दुखापत आणि जमावबंदीचा आदेश मोडला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५. खटला मागे घेण्याबाबतचा कागद वरून आला. सोबत समितीचा अहवाल. जीवितहानी नाही, नुकसान मर्यादेत. सगळं नियमात बसत होतं. मी दोषारोपपत्र पुन्हा उघडलं आणि साक्षीदार क्रमांक चारचा जबाब वाचला. दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. गर्दीतून गाडी मागे घेत असताना दगड आला, समोरची काच फुटली, काचेने भुवई फाटली. सात टाके. कॅनमधलं दूध रस्त्यावर. समितीच्या अहवालात हा माणूस एका ओळीत होता: “टेम्पोची काच फुटून नुकसान.” त्याची भुवई त्यात नव्हती.

त्या वेळच्या कलमात त्याला विचारलंच पाहिजे असं लिहिलेलं नव्हतं. मी पैरवीच्या हवालदाराला सांगून त्याला बोलावून घेतलं. माणूस बुजरा, खुर्चीच्या कडेवर बसलेला. डाव्या भुवईत केस उगवले नव्हते, तिथे पांढरी रेघ होती. मी विचारलं, खटला मागे घेतला तर तुमचं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, “मॅडम, त्यातला एकजण माझा मामेभाऊ हाय. ऊस आमचाबी कारखान्याला जातोय, दर मिळाला तर मलाबी पायजेच. रस्त्यावर बसल्याली माणसं सोडा की. पर ज्येनं दगड हाणला त्येनं येऊन एकदा इचारलं न्हाई, डोळा हाय का गेला. काचंचं पैसं मालकानं माझ्या पगारातनं कापलं.”

या माणसाने दोन मिनिटांत जे सांगितलं ते कलमातच आहे, पण फार थोडे अर्ज त्याचा उपयोग करतात. खटला सगळ्यांविरुद्धच मागे घ्यावा लागतो असं नाही. काही आरोपींपुरता घेता येतो, काही कलमांपुरता घेता येतो. मी तसा अर्ज लिहिला. रस्त्यावर बसलेल्या वीस जणांविरुद्ध खटला मागे घेण्याची परवानगी मागितली, कारणं लिहिली: मागणी दराची, हिंसेत सहभागाचा पुरावा नाही, उभं पीक सोडून ही माणसं वर्षानुवर्षं तारखांना येत आहेत. दगड मारताना ज्यांना साक्षीदारांनी ओळखलं होतं त्या दोघांपुरता खटला चालू ठेवला. एका वरिष्ठांचा फोन आला, सरसकट अर्ज द्या, फाटे कशाला फोडता? मी त्यांना म्हटलं, अर्जावर सही माझी आहे, कारणंही माझीच राहतील. न्यायाधीश महाराजांनी उघड कोर्टात विचारलं, “हे शासनाचं मत आहे की तुमचं?” मी सांगितलं, शासनाची शिफारस आहे आणि कागद वाचून हे माझं मत झालं आहे. त्यांनी ते रोजनाम्यात लिहून घेतलं.

वीस जण सुटले. राहिलेल्या दोघांनी पुढच्या दोन-चार तारखांत टेम्पोवाल्याला गाठलं. काचेचे, दवाखान्याचे पैसे दिले, बुडालेल्या रोजाचेही दिले, आणि माफी मागितली. साध्या दुखापतीच्या आणि नुकसानीच्या कलमांत कायदा जखमी माणसाला तडजोडीची मुभा देतो. त्याने पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, अंगठ्याशेजारी सहीही केली. जमावाच्या उरलेल्या कलमांपुरता मी दुसरा अर्ज दिला. तो सगळा खटला माझ्या नोकरीतल्या समाधानाच्या कामांपैकी एक आहे.

नव्या संहितेतल्या कलम ३६० मध्ये म्हणूनच मला एका वाक्याचं फार अप्रूप आहे. बळी पडलेल्या व्यक्तीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने खटला मागे घेण्यास परवानगी देऊ नये, असं आता कायद्यातच लिहिलं आहे. टेम्पोवाल्यासारख्या माणसाला बोलावणं आता सरकारी वकिलाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. त्याच्या म्हणण्याला नकाराधिकार मात्र नाही. तो नको म्हणाला तरी कोर्ट परवानगी देऊ शकतं, पण त्याचं का ऐकलं नाही याची कारणं आदेशात यायला हवीत, असं माझं मत आहे.

सुटलेल्या वीस जणांत एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. आंदोलन झालं तेव्हा कॉलेजात, चुलत्याबरोबर गेलेला. त्याने मला विचारलं, आता फॉर्ममध्ये गुन्हा लिहायचा का? मी म्हटलं, लिहायचाच. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा नोंद झाला होता का, खटला चालला होता का, असे प्रश्न असतात, आणि खटला मागे घेतल्याने तो कधी नव्हताच असं होत नाही. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उमेदवाराने खरी माहिती द्यावी, लपवू नये. किरकोळ स्वरूपाच्या, तरुणपणातल्या चुकीकडे नियुक्ती करणारे सहानुभूतीने पाहू शकतात. लपवलेलं उघड झालं तर मात्र लागलेली नोकरीही जाते. लॉकडाऊनमध्ये सरकारी आदेश मोडल्याच्या कलम १८८ खाली गुन्हे दाखल झालेल्या कितीतरी विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न होता. २०२२ मध्ये राज्य सरकारने ते गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं त्यामागे त्यांच्या नोकऱ्या आणि पासपोर्ट हेच कारण होतं. त्यांनाही सांगणं तेच. खरं लिहा आणि कोर्टाचा आदेश जोडा.

त्यासाठी आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल हातात हवी. नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात करा. कोर्टातली फाइल पुढे रेकॉर्ड रूमला जाते आणि मग ती शोधायला खेटे घालावे लागतात. एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या, कारण ठाण्याच्या नोंदीत तुमच्या नावापुढे “न्यायप्रविष्ट” असं वर्षानुवर्षं पडून राहिलेलं मी पाहिलं आहे, आणि पडताळणीला येणारा शिपाई त्या नोंदीवरूनच अहवाल लिहितो. फिर्यादी असाल, जखमी असाल, आणि गाव बदललं, फोन बदलला, तर नवा पत्ता सरकारी वकिलाच्या कार्यालयात लेखी द्या. खटला मागे घेण्याच्या अर्जाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली, तर तुम्हाला संधी दिली होती असं कागदावर दिसेल आणि तुमचं म्हणणं न ऐकलेलंच राहील.